भाकड महिन्यातलं ऊन

आज सकाळी साडेनऊला स्वयंपाकघराच्या ओट्यावरचं ऊन मिठाच्या बरणीला येऊन टेकलं, आणि पौष लागल्याचं मला कळलं. त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही. कार्तिकात हे ऊन खिडकीच्या गजांपाशी घुटमळतं, मार्गशीर्षात पोळपाटापर्यंत येतं आणि पौषात हक्काच्या पाहुण्यासारखं थेट आत शिरतं. मी कप विसळला, चटई काखेत मारली, मटाराची पिशवी उचलली आणि गच्चीकडे निघाले. जिन्यात समोरच्या बिऱ्हाडातली नवी सूनबाई भेटली. पाठीला लॅपटॉप, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात डबा.

"काकू, कुठे निघालात?"

"कामाला," मी म्हटलं.

तिने चटईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसून खाली पळाली. तिला गंमत वाटली असेल. मी खरं तेच सांगितलं होतं.

पौषाला आपल्याकडे भाकड महिना म्हणतात. लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. शुभ म्हणून जे जे काही असतं त्याला या महिन्यात सुट्टी. संक्रांत तेवढी मध्ये येते, तीही तिळगुळापुरती. भाकड हा शब्द दूध न देणाऱ्या गाईचा. पण भाकड गाय कधी नीट बघितली आहे का कुणी? ती उन्हात बसून डोळे मिटून निवांत रवंथ करत असते. तिचं काही बिघडलंय असं तिच्या तोंडाकडे बघून तरी वाटत नाही.

मी निवृत्त झाले तोही पौषच होता. डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी माझी नोकरी संपली आणि त्याच आठवड्यात पौष लागला. छत्तीस वर्षांनंतर मिळालेला पहिला रिकामा महिना आणि तो नेमका भाकड! त्या महिन्याने माझं घर वाचवलं. घरापेक्षाही काहीतरी मोठं वाचवलं, पण ते मला महिना संपता संपता समजलं.

मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. म्हणजे काय, ते आता सांगावं लागतं. परगावी फोन करायचा तर पूर्वी तो आधी नोंदवायचा आणि घरात फोनजवळ वाट बघत बसायचं. आमच्यासमोर भोकाभोकांचा उभा बोर्ड असे. पितळी टोकाची एक दोरी पुण्याच्या भोकात, दुसरी सोलापूरच्या, आणि कानाला हेडफोन. पलीकडच्या गावची ऑपरेटर आम्हाला नावाने ओळखत नसे, गावाने ओळखे. "नाशिक, आज आवाज बसलाय का गं?" "पुणे, तुझ्याकडे पाऊस आहे का?" अशी आमची बोलणी. नाशिकला मी कधी भेटले नाही, पण तिच्या दोन्ही बाळंतपणांची खबर मला होती. छत्तीसातली वीस वर्षं माझं नाव पुणे होतं.

कॉल तीन मिनिटांचा असायचा. तीन मिनिटं झाली की मध्ये जाऊन विचारायचं, "तीन मिनिटं झाली. वाढवायचाय का?" बोलणं ऐकायचं नाही हा नियम, पण लाइन चालू आहे ना हे तपासण्यासाठी कान तर लावावाच लागे. त्यातून मला एक गोष्ट कळली, जी कुठल्या पुस्तकात असेल असं वाटत नाही. माणसं अडीच मिनिटं "बाकी काय, सगळे बरे ना, थंडी कशी आहे" यात घालवतात आणि खरं बोलणं शेवटच्या अर्ध्या मिनिटात काढतात. आई पडली. नोकरी गेली. मला इथे करमत नाही. हे सगळं दोन मिनिटं चाळीस सेकंदांनंतर. आणि मग मी मध्ये जाऊन विचारायची, वाढवायचाय का? बहुतेक लोक बिलाला घाबरून नको म्हणायचे. तुटलेल्या वाक्याचं एक टोक माझ्या कानात राहायचं आणि मी पुढची दोरी खोचायची.

पुढे नाक्यानाक्यावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. लोक स्वतःच फिरवून थेट बोलायला लागले. आमचा बोर्ड हळूहळू गप्प झाला. मला चौकशीच्या टेबलावर बसवलं, तिथे कुणाकुणाचे नंबर शोधून द्यायचे. मग तेही काम संगणक करायला लागला. निरोपाच्या दिवशी मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक मोठं घड्याळ दिलं. जन्मभर घड्याळाकडे बघून बोललेल्या बाईला घड्याळ! देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, त्यांना काय बोलणार? घरी आल्यावर त्यातला सेल काढला आणि ते माळ्यावर ठेवून दिलं.

शनिवार पेठेतल्या या इमारतीत माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. वर गच्ची. हे जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. लेक अनघा लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला खराडीला, कंपनीच्या जवळच फ्लॅट घेतलेला. म्हणजे मी एकटी. "एकटी" या शब्दावर लोक आपोआप मान तिरकी करून "अरेरे" असा चेहरा करतात. मलाही वाटलं होतं की आपल्याला वाईट वाटेल. दोनतीन दिवस मी वाईट वाटायची वाटही बघितली.

पहिले चारपाच दिवस मात्र फजितीचे गेले. पावणेपाचला जाग यायची. खडकवासल्याचं पाणी नळाला यायच्या आत माझी अंघोळ आटोपून वेणी घालून झालेली असायची. आणि मग? मग काहीच नाही. मी जेवणाच्या टेबलाशी ताठ बसून राहायची, कुणीतरी आत्ता बोलावेल अशी. दहा वाजता जेवून घ्यायची, कारण दुपारच्या पाळीला तसंच जेवावं लागे. रिकामं बसणं मला येत नव्हतं. भांडी घासून झाली की परत घासायची. एकदा तर पितळी देव दिवसातून दोनदा चिंचेने उजळले. देवांनाही हसू आलं असेल.

बसायला मला शिकवलं तांबोळीकाकांनी. शेजारी म्हणून अनघा त्यांना काका म्हणायची, म्हणून माझेही काका, वयाने दोनच वर्षांनी मोठे असले तरी. आमच्या इमारतीला लागून त्यांची इमारत, दोन गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत. त्यांचं खाली गल्लीत छत्र्यांचं दुकान, वडिलांच्या वडिलांपासूनचं. हिवाळ्यात छत्रीला कोण विचारतो? काका सकाळी तासभर दुकान उघडायचे, धूळ झटकायचे आणि मग गच्चीत येऊन उन्हात खुर्ची टाकून बसायचे. हातात पेपर नाही, कानाशी रेडिओ नाही. नुसते बसलेले.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी गोधड्या वाळत घालायला वर गेले आणि न राहवून विचारलं, "काका, थंडीत स्वेटर, मफलर ठेवत का नाही दुकानात? चार लोक येतील तरी."

"म्हणूनच ठेवत नाही," ते म्हणाले. "वहिनी, चार महिने छत्री विकतो. चार महिने दुरुस्त करतो. उरलेले चार महिने माझे."

"पण दिवसभर बसून कंटाळा नाही येत?"

"येतो की. आला की त्यालाही म्हणतो, बस. थोड्या वेळाने तोच उठून जातो."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. म्हणजे मुलाखत संपली.

मी दुसऱ्या दिवशी चटई घेऊन गेले. हात रिकामे राहीनात म्हणून मटार नेले. आणि काय सांगू, तो पौष माझ्या अंगात हळूहळू मुरला. साडेनऊला ऊन पाण्याच्या टाकीवरून उतरायचं, ओव्याच्या कुंडीवरून माझ्या पावलांवर यायचं. अकरापर्यंत गुडघे, बारापर्यंत पाठ. टाकीची सावली सरकली की मी चटई सरकवायची. दिवसभरात चटई चार हात सरकायची, तोच माझा प्रवास. खालून पिंजाऱ्याच्या तारेचा टणत्कार यायचा, कुणाची तरी गादी उसवून नवी होत असायची. ओल्या हरभऱ्याची टोपली घेऊन भाजीवाली "सोलाणेऽ, ढाळेऽ" ओरडत जायची. बसचा कर्कश ब्रेक, शाळेची मधली सुट्टी, आणि एक वाजला की एकामागून एक खाली येणारी दुकानांची शटरं. एक ते चार पेठ झोपते, त्याबद्दल बाहेरचे लोक आम्हाला हसतात. हसू देत. तीन तास सगळं गाव गप्प बसतं, हे सुख त्यांच्या गावात नाही.

छत्तीस वर्षं माझ्या कानात कुणी ना कुणी बोलत होतं. आता कानात काही नव्हतं. आधी त्या शांततेत एक बारीक शीळ ऐकू यायची, जुन्या लाइनवर यायची तशी. मग एक दिवस तीही थांबली. तेव्हा मी मटाराची शेंग हातात तशीच धरून किती वेळ बसले होते, कोण जाणे. डोळ्यांतून पाणी आलं. दुःखाचं नव्हतं. पायातल्या घट्ट चपला काढल्यावर जसं हुश्श होतं, तसं ते होतं. मी सुखात होते. बाईमाणसाने एकटीने, काही न करता सुखात असावं, याची थोडी लाजही वाटली आणि मग तीही वाटेनाशी झाली.

पण माझ्या सुखाला मुदत होती. निवृत्तीच्या दुसऱ्याच रविवारी अनघा आली ती खराडीच्या घराची किल्लीच घेऊन.

"आई, तुझी खोली तयार आहे. निखिलने कपाट पण करून घेतलंय. पुढच्या वीकेंडला शिफ्ट करू या. टेम्पो मी बुक करते."

निखिल म्हणजे आमचे जावई. सज्जन माणूस. पण कपाटही झालं म्हणजे बेत पक्का होता.

"अगं, एवढी घाई काय?"

"घाई? तू इथे दिवसभर करतेस काय?"

"बसते."

"बसते म्हणजे?"

"म्हणजे बसते. ऊन येतं, मी बसते. ऊन जातं, मी उठते."

 तिने पर्समधून कागद काढून टेबलावर मांडले. हास्यक्लब. ज्येष्ठांसाठी संगणकवर्ग. गीतापठण. अष्टविनायक, दोन दिवसांत. "तिकडे सोसायटीत हे सगळं आहे. तू बिझी राहशील. आमच्या टीममधल्या एकीची आई अशीच नुसती बसून राहायची, नंतर डिप्रेशन निघालं. आय ॲम सिरियस, आई."

ती खरंच काळजीने बोलत होती. कपाळावर तीच एक आठी, लहानपणी गणित सुटलं नाही की यायची ती. या मुलीला "मला एकटीला बरं वाटतंय" हे कसं सांगायचं? ते "तू नको आहेस" असं ऐकू गेलं असतं. माझ्या तोंडून निघून गेलं,

"पौषात घर बदलत नाहीत."

"काय?"

"भाकड महिना आहे. पौषात कुणी सामान हलवत नाही."

"आई, तू कधीपासून पौष पाळायला लागलीस? माझं लग्न तू पितृपक्षात ठरवलंस, लोक नावं ठेवत होते तेव्हा म्हणालीस, पितरांना लग्नाचं वावडं नसतं!"

खरं होतं. जन्मात पंचांग न उघडलेली बाई मी. पण त्या दिवशी पौष माझ्या पाठीशी भिंतीसारखा उभा राहिला. "निवृत्त झाले, आता देवाधर्माचं बघायला नको?" असं मी इतक्या गंभीरपणे म्हटलं की माझं मलाच खरं वाटलं. अनघाने कॅलेंडर उलटलं, माघातल्या पहिल्या रविवारवर लाल पेनाने गोल केला आणि खाली लिहिलं, "आई शिफ्ट." जाताना एक मोबाइल ठेवून गेली. "हा गच्चीवर पण ने. फोन लागत नाही तुझा." मी तो दोऱ्याच्या रिळांच्या डब्यात ठेवून दिला.

म्हणजे माझ्याकडे तीन आठवडे होते. सुख मोजून मिळालं की त्याची चव वेगळीच लागते. मी एकही दुपार वाया जाऊ दिली नाही, म्हणजे प्रत्येक दुपार यथेच्छ वाया घालवली. भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा एकटीने गच्चीत बसून खाल्ला. बोरं खाऊन बिया कुंडीत फेकल्या. संक्रांतीला काकांच्या घरी गुळाच्या पोळ्या दिल्या. काकांनी भिंतीवरून ताट परत देताना विचारलं, "जाणार म्हणे खराडीला?"

"माघात."

"मनात आहे?"

मी पदराने ताट पुसायला लागले. ते म्हणाले, "मुलगी तुम्हाला उठवायला येते. एकदा तिलाच बसवा."

अनघाचा रोज संध्याकाळी घरच्या फोनवर फोन यायचा. जेवलीस का, औषध घेतलंस का, थंडी कशी आहे. मीही विचारायची, तू जेवलीस का, निखिल कसा आहे, गाडी हळू चालव. मग "चल, ठेवते" म्हणून मी ठेवायची. त्यात वावगं आहे असं मला कधी वाटलंच नाही.

पौष संपायला तीनचार दिवस होते. बुधवार होता. दुपारी एकच्या सुमाराला, शटरं पडत असताना, गच्चीच्या दारात अनघा उभी. कामाच्या दिवशी! माझ्या हातातला मटार सांडला.

"काय झालं?"

"काही नाही. प्रोजेक्ट काल गेलं डिलिव्हर होऊन. बॉस म्हणाला, आज सुट्टी घे. निखिल ऑफिसला. घरी बसवेना." तिचे डोळे तांबडे होते. "म्हटलं, तुझ्या सामानाची लिस्ट करू या."

मी तिच्याकडे बघितलं आणि काकांचं बोलणं आठवलं. "लिस्ट करू. आधी बस जरा. पाठीला ऊन घे."

"पाच मिनिटं हं," ती म्हणाली आणि चटईवर बसली. तिसऱ्या मिनिटाला आडवी झाली. चौथ्याला झोपली.

मी तिच्या डोक्याखाली माझी शाल घडी करून सारली. तिच्या केसांत, बरोबर मध्ये, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत एक दबलेली रेघ होती. ती रेघ मी ओळखते. माझ्याही डोक्यावर ती छत्तीस वर्षं होती, अजून तिथले केस विरळ आहेत. हेडफोनची पट्टी जिथे बसते तिथे ती पडते. माझी लेक दिवसभर कानाला हेडफोन लावून सातासमुद्रापलीकडच्या माणसांशी बोलते, हे मला ठाऊक होतं. पण ती रेघ बघेपर्यंत ते मला कळलं नव्हतं. मी तिथे बोट ठेवलं. केस वर उचलले तरी परत तसेच बसत होते.  मी ज्या आवाजातून सुटून इथे उन्हात येऊन बसले होते, त्यातच माझी पोर बुडालेली होती.

दोन तास ती झोपली. टाकीची सावली आली तशी मी हलक्या हाताने चटईच ओढत तिला उन्हात ठेवत राहिले. पलीकडून काकांनी हे बघितलं आणि आपली खुर्ची आवाज न करता उचलून आत नेली.

उठल्यावर ती बराच वेळ आकाशाकडे बघत पडून राहिली. मी मटार सोलत होते. दाणे पातेल्यात पडत होते, त्याचा तेवढा आवाज. मग आकाशाकडेच बघत ती म्हणाली,

"आई, एक विचारू? तुला माझ्याशी बोलायला कंटाळा येतो का?"

"काहीतरीच काय?"

"तू बरोब्बर तीन मिनिटांत फोन ठेवतेस. मी घड्याळ लावून बघितलंय. रोज. सांगलीला कॉलेजला असताना मी रविवारी बूथवर तासभर लाइनीत उभी राहायचे आणि तू तीन मिनिटांत म्हणायचीस, चल ठेवते. बूथवाला पण म्हणायचा, झालं एवढ्यात? मला वाटायचं, आपलं काहीतरी चुकतंय. आईला आवडेल असं काही आपल्याला बोलताच येत नाही." ती माझ्याकडे कुशीवर वळली. "तू खराडीला आलीस की तुला फोन ठेवता येणार नाही. म्हणून मला तू तिकडे हवी आहेस. तुझ्या डिप्रेशनचं वगैरे मी उगाच म्हणत होते."

मटाराची शेंग माझ्या हातात तशीच राहिली. सांगलीच्या त्या रविवारांचं मला काय आठवत होतं? मला आठवत होतं की माझी मुलगी गुणी आहे, तीन मिनिटांत आटोपतं घेते. ती आटोपतं घेत नव्हती. ते मीच तोडत होते. परक्या माणसांना निदान विचारत तरी होते, वाढवायचाय का. स्वतःच्या लेकीला एकदाही विचारलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं, बिलाचीही कुणी तक्रार केली नव्हती, पण छत्तीस वर्षांत कानाच्या आत एक घंटा बसली होती, ती वाजली की हात आपोआप फोन खाली ठेवायचा. आणि त्या पोरीची सगळी खरी बोलणी, सांगलीला करमत नसल्याची, परीक्षेच्या भीतीची, बाबा गेल्यानंतरची, तिसऱ्या मिनिटापलीकडे राहून गेली होती. हे सगळ्या जगाच्या बाबतीत मला कळत होतं. घरच्या बाबतीत तेवढं कळलं नव्हतं.

मी तिला हे जमेल तसं सांगितलं. रडत सांगितलं. ती उठून बसली आणि हसायलाच लागली.

"म्हणजे तू मला ट्रंक कॉलसारखी कट करत होतीस?"

"हो गं बाई."

"आई!" हसता हसता तिचेही डोळे भरले. "आणि मी इतकी वर्षं..."

आम्ही दोघी एकमेकींना धरून किती वेळ हसलो आणि रडलो, ते सांगता येत नाही. मग मी डोळे पुसले आणि मनात होतं ते बोलून टाकलं.

"अनू, मी येते खराडीला. पौष वगैरे काही नसतं. उद्या म्हणालीस तर उद्या येते."

हे म्हणताना गच्ची, ऊन, शटरं, टाकीची सावली, सगळं मी डोळ्यांसमोरून उचलून बाजूला ठेवलं होतं. खोटं बोलत नव्हते. तिने ते ओळखलं असणार. ती पुन्हा चटईवर आडवी झाली आणि डोळ्यांवर हात घेऊन म्हणाली,

"नको येऊ."

"का गं?"

"मी इतकी कधी झोपले होते, आठवत नाही. तू तिकडे आलीस तर ही जागा पण जाईल. मग मी कुठे येऊन झोपू?" थोड्या वेळाने म्हणाली, "तू इथेच बस. फक्त फोन ठेवू नकोस."

संध्याकाळी जाताना तिने कॅलेंडरवरच्या लाल गोलावर आडवी रेघ मारली. मी रिळांच्या डब्यातून मोबाइल काढला आणि तो चालू कसा करायचा ते तिच्याकडून दोनदा शिकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता तो गच्चीवर वाजला. "आई, जेवायला बसलेय. काही नाही, असाच." पहिली दोन मिनिटं आम्ही नेहमीचं बोललो. मग दोघी थांबलो. माझा अंगठा लाल बटणाकडे जाऊ लागला, तसा मी फोनच चटईवर ठेवून दिला आणि मटार सोलायला घेतले. पलीकडे तिच्या डब्याचं झाकण वाजलं, चमचा वाजला, कुणीतरी तिला काही विचारून गेलं. लाइन जिवंत आहे की मेली, हे मला अजून श्वासावरून कळतं. ती जिवंत होती.

"आई, ते काय पडतंय?"

"मटार. पातेल्यात."

"हं. पडू देत," ती म्हणाली.

आता तेव्हाच्या पौषाला बरीच वर्षं झाली. काका गेले. त्यांचा मुलगा त्या दुकानात प्रवासी बॅगा विकतो, बाराही महिने, आणि दुपारीही शटर पाडत नाही. पलीकडच्या गच्चीत काकांची खुर्ची मात्र तशीच आहे. अनघाचे केस पांढरे व्हायला लागलेत, हेडफोनच्या रेघेपाशी जरा जास्तच. अधूनमधून ती कामाच्या दिवशी अचानक येते, काही न बोलता चटईवर झोपते आणि ऊन गेलं की उठून जाते. माझ्या एकटेपणाची तिला आता काळजी वाटत नाही. उलट तिला त्यातला थोडा वाटा हवा असतो, आणि मीही तो आनंदाने देते.

आज मिठाच्या बरणीपर्यंत ऊन आलं म्हणून मी वर आले. साडेनऊपासून इथे आहे. पावलं झाली, गुडघे झाले, आता पाठ तापतेय. खाली शटरं पडायला लागली आहेत, पूर्वीपेक्षा कमी, पण पडताहेत. एक वाजला. फोन वाजतो.

"आई, काही नाही गं."

"बरं," मी म्हणते आणि फोन चटईवर ठेवते. तिच्या डब्याचं झाकण वाजतं. मी शेंग सोलते. खरं सांगायचं तर ती घंटा काही गेलेली नाही. तीन मिनिटं झाली की ती अजून बरोब्बर वाजते आणि माझ्याच आवाजात कुणीतरी मला विचारतं, तीन मिनिटं झाली, वाढवायचाय का?

वाढवा, मी म्हणते.